बदल उंबऱ्याशी येतो तेव्हा

११ ऑक्टोबर २०१६ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, तेलंगणातल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि त्यांतला एक मंचेरियल. बल्लारशाहून काझीपेटकडे जाणाऱ्यांना हे गाव गोदावरीचा पूल लागण्याआधीचे मोठे स्टेशन म्हणून ठाऊक आहे. आपला राजुरा आणि आपले किनवट १९५६ पर्यंत याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. आजही प्राणहितेच्या अलीकडे सिरोंचा आणि पलीकडे मंचेरियल जिल्ह्याचा कोटपल्ली-वेमनपल्लीचा पट्टा आहे. नदीला पूर आला की तो दोन्ही काठांवर एकाच रात्री येतो. त्यामुळे तिथले प्रश्न परक्या राज्याचे म्हणून बाजूला सारता येत नाहीत.

जिल्हा झाला तेव्हा मंचेरियलमध्ये लोकांनी गुलाल उधळला, कारण हा बदल त्यांनीच मागितला होता. कलेक्टर कचेरीतल्या एका सहीसाठी आदिलाबाद गाठायचे म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता. दोन्ही गावांना रेल्वे आहे, पण वेगवेगळ्या मार्गांवर, त्यामुळे थेट गाडी नाही. जमिनीच्या वादात अडकलेल्या शेतकऱ्याचा, पेन्शन अडलेल्या विधवेचा अख्खा दिवस आणि मजुरी त्यात जायची. त्याच वर्षी जनगाव, गदवाल आणि सिरसिल्ला इथे लोक रस्त्यावर उतरले होते. त्यांची तक्रार जिल्हे वाढवण्याबद्दल नव्हती, पहिल्या मसुद्यात आपल्या गावाचा जिल्हा का नाही, अशी होती. शेवटी तिन्ही जिल्हे झाले.

हे आज मुद्दाम आठवायचे, कारण कुठल्याही प्रकल्पाला विरोध झाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: लोकांना बदलच नको असतो, माणूस सवयीचा गुलाम असतो. मंचेरियलचा अनुभव याच्या उलट सांगतो. बदलासाठी वर्षानुवर्षे निवेदने देणारी हीच माणसे एल्लमपल्लीच्या धरणाला विरोध करत होती. उघड्या कोळसाखाणींच्या विरोधातही हीच होती. कोळशाच्या पट्ट्यांचा लिलाव नको म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये तीन दिवस खाणी बंद ठेवणारीही हीच. तेव्हा प्रश्न स्वभावाचा नाही. कोणता बदल कोणाच्या दारात काय घेऊन येतो आणि जाताना काय नेतो, ते पाहावे लागते.

एल्लमपल्लीचेच पाहू. २००४ मध्ये पायाभरणी झालेला हा श्रीपाद एल्लमपल्ली प्रकल्प गोदावरीवर आहे, मंचेरियल शहराच्या जवळ. साठवण सुमारे २० टीएमसी, पूर्ण पातळी १४८ मीटर. त्याचे पाणी रामगुंडमच्या वीज केंद्राला जाते, शेतीला जाते आणि २०१५ पासून जलवाहिनीने हैदराबादला पिण्यासाठीही जाते. हैदराबादच्या एखाद्या घरात नळ सुरू होतो, तेव्हा त्या घरातल्या माणसाला आपण या बदलाचे लाभार्थी आहोत हे जाणवतसुद्धा नाही. त्याच्या आयुष्यात बदल झालेलाच नाही. पाणी पूर्वी यायचे, आताही येते. बदल झाला तो गुडिपेट, कर्णमामिडी, पडतनपल्ली अशा काठच्या गावांत. तिथे घर गेले, विहीर गेली, नदीकाठची काळी जमीन गेली. फायदा लाखो लोकांत वाटला गेला, प्रत्येकाच्या वाट्याला पातळ होऊन आला. तोटा मूठभर गावांत साचला आणि तिथे तो एकेका माणसाच्या गळ्यापर्यंत आला. मग शहरात समर्थनाची सभा भरत नाही आणि गावात विरोधाची भरते, यात नवल काय?

शिवाय पंचनामा फक्त मोजता येते तेवढेच मोजतो. घराच्या खोल्या, छपर कौलारू की पत्र्याचे, विहिरीची खोली, आंब्याची झाडे किती, मोहाची किती. हे सगळे फॉर्मवर येते. दुसऱ्याची जमीन बटईने करणाऱ्याचे नाव मात्र त्या फॉर्मवर येत नाही. गावातल्या दुकानदाराकडे पोळ्यापासून सुगीपर्यंत चालणारी उधारी येत नाही. नव्या वसाहतीत ती कोणी देत नाही, कारण तिथे कोणी कोणाला ओळखत नाही. वर्षभर शेतमजुरी देणारी चार घरे चार दिशांना गेली, तर मजुराचे काय गेले हे लिहायला रकानाच नसतो. कर्जाला तारण नाही, लग्नाला मदत नाही, आजारपणात धावून येणारा शेजार नाही. अधिकारी प्रामाणिक असला तरी त्याच्या हातात तो फॉर्मच असतो. आम्हाला वाटते, वैयक्तिक झळ पोचणाऱ्या बदलाला होणाऱ्या विरोधाचे खरे मूळ इथे आहे: कागदावरचा तोटा आणि भोगावा लागणारा तोटा यांतल्या अंतरात. ते अंतर ज्याला दिसते तो नाही म्हणतो. ज्याला दिसत नाही त्याला तो हट्टी वाटतो.

मराठी माणसाला हे शंभर वर्षांपूर्वी मुळशीने दाखवले आहे. १९२१ च्या एप्रिलमध्ये टाटांच्या वीज प्रकल्पाच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. जान किंवा जमीन ही त्यांची घोषणा होती आणि पुढे सेनापती बापट त्या लढ्याचे नाव बनले. पण मुळशीतला सर्वांत बोधप्रद भाग घोषणांचा नाही, तो मालकीचा आहे. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी सावकारांकडे गहाण होत्या, कागदावरचे हक्कदार पुण्यात राहत होते. जमिनीचे पैसे मिळणार म्हटल्यावर त्यांच्यातल्या अनेकांना तडजोड मान्य झाली. मागे राहिला तो भात लावणारा कुणबी, ज्याच्या हाती पैसा येणार नव्हता आणि पायाखालून जमीन मात्र जाणार होती. एकाच बदलाविषयी एकाच तालुक्यातल्या दोन माणसांची मते टोकाची असू शकतात आणि दोघेही आपापल्या जागी नीट हिशेब करत असतात.

पंचाण्णव वर्षांनी, २०१६ मध्ये, तेलंगणात हीच गोष्ट पुन्हा घडली. केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याला वळसा घालून थेट जमीन खरेदी करण्यासाठी राज्याने २०१५ मध्ये शासन आदेश क्रमांक १२३ काढला होता. जमीनमालकाशी भाव ठरवायचा, पैसे द्यायचे, विषय संपला. या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात भूमिहीन शेतमजूर गेले. त्यांचे म्हणणे साधे होते: जमीन विकली जाते तेव्हा मालकाला पैसे मिळतात, पण त्या जमिनीवर राबून जगणाऱ्या आमचे काय? त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मल्लन्नासागर जलाशयाच्या गावांत तेव्हा आंदोलन पेटलेले होते. बाहेरून बघणाऱ्याला तो पैसा वाढवून घेण्याचा खटाटोप वाटला असेल. प्रत्यक्षात २०१३ च्या कायद्याने शेतमजुराला आणि कुळाला बाधित कुटुंब मानले होते आणि सरकारी आदेशात त्यांना जागा नव्हती.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले की मिळालेल्या शंभर रुपयांच्या आनंदापेक्षा गेलेल्या शंभर रुपयांचे दुःख माणसाला जास्त बोचते. हे निरीक्षण मोलाचे आहे आणि रोजच्या जगण्यात त्याचा प्रत्यय येतो. पण सरकारी सल्लागारांच्या तोंडी त्याचा अर्थ फिरतो. लोकांना तोटा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो, तेव्हा त्यांची समजूत घाला, असा तो होतो. काठावरच्या गावाला तोटा मोठा ‘वाटत’ नसतो, बहुतेक वेळा तो असतोच. ज्या कुटुंबाकडे दोनच एकर आहेत त्याने दोन एकर गमावणे आणि बँकेत शिल्लक असलेल्याने शंभर रुपये गमावणे या एका जातीच्या गोष्टी नाहीत. दुसऱ्याला चुकले तरी सावरता येते. पहिल्याला चूक एकदाच करता येते, म्हणून तो प्रयोगाला तयार नसतो.

आता प्राणहितेच्या अलीकडे येऊ. २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यात करार झाला आणि कालेश्वरम योजनेतल्या मेडिगड्डा बंधाऱ्याची पातळी १०० मीटर ठरली. २१ जून २०१९ ला उद्‌घाटन झाले, तेव्हा आपले तत्कालीन मुख्यमंत्रीही तिथे उपस्थित होते. सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी सुरुवातीपासून विरोध केला होता. त्यांचा प्रश्न अवघड नव्हता: दरवाजे बंद असताना वरून पूर आला तर पाणी आमच्या शेतात कुठवर येईल आणि ती सगळी जमीन तुम्ही संपादनात धरली आहे का? बंधारा झाल्यावर पिके पाण्याखाली गेल्याच्या तक्रारी दोन्ही काठांवरून आल्या, सिरोंच्यातून आल्या तशाच कोटपल्ली आणि चेन्नूरकडूनही. मोबदल्यासाठी सिरोंच्यातल्या शेतकऱ्यांना साखळी उपोषणाला बसावे लागले. जुलै २०२२ च्या महापुरात मंचेरियल शहरातल्या नदीकडच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि गोदावरीकाठी बांधलेल्या सरकारी माता-शिशु रुग्णालयातून रुग्णांना हलवावे लागले. पाणी कुठवर येते हा खेड्यातल्या अडाण्यांचा प्रश्न नव्हता, हे त्या दिवशी शहरालाही समजले.

पुढे २१ ऑक्टोबर २०२३ ला मेडिगड्ड्याच्या सातव्या ब्लॉकमधले खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाने नियोजन, आराखडा, कामाचा दर्जा आणि देखभाल या सगळ्यांत दोष दाखवले. खांब खचेल असे सिरोंच्याच्या शेतकऱ्याने म्हटले नव्हते, आणि त्याला द्रष्टा ठरवण्याची आवश्यकता नाही. त्याला नदी माहीत होती, काँक्रीट नाही. पण विरोधकांचे म्हणणे घाईघाईत बाजूला सारून उभारलेल्या कामात इतर प्रश्नही घाईघाईतच बाजूला पडतात, एवढे मात्र दिसले. जिथे शेतकऱ्याला थांबून उत्तर द्यायला वेळ नसतो, तिथे पायाखालच्या वाळूचा विचार करायलाही तो नसतो.

विरोधाची ही बाजू मांडताना दुसरी लपवणे योग्य नाही. झळ पोचते म्हणून प्रत्येक विरोध न्याय्य होत नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या संपल्या, १९५० मध्ये कूळ कायदा आला. जहागीरदार आणि देशमुखांच्या दृष्टीने तोही व्यक्तिगत तोटाच होता, आणि तो खराच होता. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी दलितांनी घेतले, तेव्हा गावातल्या सवर्णांनाही आपले काहीतरी हिरावले गेले असे वाटले, आणि त्यांनी हात उगारले. त्यांच्या भावनेची तीव्रता मावळ्यांच्या भावनेपेक्षा कमी नसेल. फरक आहे तो काय जाते यात. मुळशीत जगण्याचे साधन जात होते, महाडात दुसऱ्याला पाण्यापासून दूर ठेवण्याचा अधिकार जात होता. विरोध ऐकायचा तो पूर्ण ऐकायचा, आणि मग हा प्रश्न त्याला विचारायचा. न ऐकताच निवाडा करणाऱ्याला हा फरक कधी कळत नाही. त्याच्या लेखी मावळा आणि महाडचा सवर्ण दोघेही सारखेच बदलाचे शत्रू.

मंचेरियल जिल्ह्याचे खरे पोट मात्र कोळशावर आहे आणि तिथे गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. श्रीरामपूर, मंदमर्री, बेल्लमपल्ली ही सगळी सिंगरेणी कोळसा कंपनीची गावे. एके काळी भूमिगत खाणीत टोपली आणि फावड्याने कोळसा भरणाऱ्यांचे पाळ्यांमागून पाळ्या उतरत. कंपनी १९९० च्या दशकात दोनदा आजारी उद्योगांच्या मंडळापुढे गेली. यंत्रे आली, उघड्या खाणी वाढल्या. एक लाखाहून अधिक असलेली कामगारसंख्या आज चाळीस हजारांच्या आसपास आहे. हा बदल चुकला असे आम्ही म्हणणार नाही. कंपनी वाचली, ती नफ्यात आली, आणि ज्या कामात माणूस छताखाली दबून मरे ते काम यंत्राकडे गेले हे चांगलेच झाले. पण कामगार संघटनांचा विरोधही चुकीचा नव्हता. बापाच्या जागी मुलगा लागेल, या वारसा नोकरीच्या भरवशावर एकेका घराने तीस-तीस वर्षे फुप्फुसात कोळसा भरून घेतला होता. तो भरवसा काढून घेतला गेला तेव्हा त्या घराच्या दृष्टीने करार मोडला गेला. बदल योग्य आणि विरोधही योग्य असे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. त्यातून मार्ग काढायचा तर नुकसान कोणी सोसायचे हे आधी ठरवावे लागते. सिंगरेणीत ते बऱ्याच अंशी बेकार मुलांवर पडले.

म्हणूनच २०२१ मधला संप समजून घ्यायला हवा. केंद्राने लिलावाला काढलेल्या चार कोळसा पट्ट्यांत कल्याणखणी आणि श्रावणपल्ली हे दोन याच भागातले होते. कामगाराला धोरणातली कलमे पाठ नसतील. पण बाहेरची खासगी कंपनी आली तर ती कमी माणसांत, कंत्राटावर काम करेल, कंपनीचे दवाखाने आणि क्वार्टर तिच्या कामगाराला नसतील, एवढे त्याने आधीच्या तीस वर्षांतून शिकलेले होते. जुना अनुभव हा विरोधाचा मोठा भाग असतो. मागच्या वेळी दिलेला शब्द पाळला गेला नसेल, तर यावेळचा शब्द कितीही प्रामाणिक असो, तो त्याच जुन्या शब्दाच्या रांगेत उभा राहतो. उघड्या खाणीशेजारच्या गावाने सुरुंगांनी भिंतींना गेलेले तडे पाहिलेले असतात, त्याला पर्यावरण अहवालाची सुबक पाने वाचून दाखवण्याचा उपयोग नसतो. त्यातच कोळशासाठी १९५७ चा स्वतंत्र संपादन कायदा आहे, आणि २०१३ च्या कायद्यातली सामाजिक परिणाम अभ्यासाची अट त्याला लागू नाही. जिथे परिणाम सर्वांत खोल, तिथेच विचारण्याची सक्ती नाही.

२०२५ मध्ये मंचेरियल महानगरपालिका झाली. नसपूर नगरपालिका आणि हाजीपूर मंडलातली काही गावे तिच्यात गेली. शहरात जाणे म्हणजे रस्ते, दिवे, प्रतिष्ठा, असे वाटणाऱ्यांना अशा गावांची कुरकुर कळत नाही. पण ग्रामपंचायत गेली की रोजगार हमीची कामे जातात, कारण ती योजना ग्रामीण भागापुरती आहे. घरपट्टी शहराच्या दराकडे सरकते. सरपंचाला त्याच्या ओट्यावर गाठता येत होते, आयुक्ताला गाठायला कचेरी लागते. पुण्याभोवतीच्या आणि कल्याण-डोंबिवलीच्या गावांनी हे अनुभवले आहे. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर महापालिकेत जाऊन पुन्हा बाहेर पडली.

न विचारता लादलेल्या बदलाची आठवण जंगलात तर फार जुनी आहे. अश्विन पौर्णिमेला केरामेरी मंडलातल्या जोडेघाटला गोंड आणि कोलाम कुमराम भीमच्या स्मृतीसाठी जमतात. निजामाच्या जंगल धोरणाने आदिवासींची गावे आणि शेते राखीव क्षेत्राबाहेर ढकलली जात होती, आणि १९४० मध्ये भीमने तिथे लढताना प्राण दिले. त्यानंतर सरकारने हायमेंडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला आदिलाबादच्या गोंडांचा अभ्यास करायला बोलावले आणि पुढे हजारो आदिवासींना जमिनीचे पट्टे मिळाले. अभ्यास आधी झाला असता तर काय झाले असते, हा विचार जोडेघाटला गेल्यावर मनातून जात नाही. मे २०२५ मध्ये तेलंगणाने ताडोबा ते कवाल हा वाघांचा मार्ग जपण्यासाठी आसिफाबाद जिल्ह्यात संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले. आदिवासींनी विरोध केला आणि जुलैमध्ये सरकारने आदेश स्थगित ठेवला. वाघाचा मार्ग राखलाच पाहिजे, असे आमचे मत आहे. पण भीमच्या नातवंडांना राखीव या शब्दाची भीती का वाटते, हे वनखात्याने आदेश काढण्याआधी त्यांच्या गावात बसून ऐकायला हवे होते. ते कारण ऐंशीहून अधिक वर्षे जुने आहे आणि सगळ्यांना माहीत आहे.

आता तुम्मिडिहट्टीचा विषय पुन्हा निघाला आहे. वर्धा आणि वैनगंगा जिथे मिळतात, त्या संगमावर बंधारा बांधण्याची जुनी योजना तेलंगणाच्या सध्याच्या सरकारने परत विचारात घेतली आहे. मूळ मागणी १५२ मीटरची होती, महाराष्ट्र १४८ वर थांबला होता. दोन्ही राज्यांच्या बैठकांत हे चार मीटर राजकीय प्रतिष्ठेचे होतील. गोंडपिपरी आणि चामोर्शीकडच्या गावांना मात्र ते चार मीटर जमिनीवर दाखवले पाहिजेत. कुठल्या गावाच्या कुठल्या शिवारात १४८ ची खूण येते आणि कुठे १५२ ची, पूर असताना पाण्याचा फुगवटा कुठवर जातो, याचे दगड करार होण्याआधी रोवावेत. बटईदारांच्या आणि मजुरांच्या याद्या ग्रामसभेत मराठीत, तेलुगूत आणि गोंडीत वाचून दाखवाव्यात, आणि ज्याचे नाव राहिले त्याला तिथेच उभे राहून ते सांगता यावे. सिरोंच्यात जे पैसे राहिले असतील ते नव्या बंधाऱ्याच्या पहिल्या बैठकीआधी चुकते करावेत. महाराष्ट्र सरकारने तेलंगणाशी बोलणी करताना ही अट पहिल्या कागदावर लिहावी.